गडगडाट झाला की सिग्नल लाल का होतात? रेल्वेची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि वीज

ऐरोलीकर (धागाकर्ता), ४ जून, रात्री १०.१५

मंडळी, नमस्कार. परवा वळवाचा पाऊस सुरू असताना आमची लोकल दोन स्थानकांच्या मधोमध जवळजवळ अर्धा तास उभी राहिली. रुळांवर पाणी नव्हते, झाड पडलेले नव्हते, डब्यातले दिवे आणि पंखे चालू होते. खाडीच्या बाजूला एक मोठा कडकडाट झाला आणि त्यानंतर गाडी हलली नाही, एवढेच आम्हाला कळले. शेजारी बसलेले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले की लिव्हरच्या केबिनी होत्या त्या काळी वीज कडाडली म्हणून सिग्नल बसल्याचे त्यांना आठवत नाही.

मी महापे येथे कारखान्यांची नियंत्रण पॅनेल बनवण्याच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न डोक्यातून जाईना. नवी यंत्रणा जुनीपेक्षा कितीतरी हुशार असूनही विजेपुढे नाजूक का ठरते, आणि तिला वाचवण्यासाठी नेमके काय करतात? सिग्नल विभागात काम केलेले कोणी येथे असतील तर त्यांनी सविस्तर लिहावे. उशीर झाल्याची तक्रार करण्यासाठी हा धागा काढलेला नाही. मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

निवृत्त सिग्नलवाला, ५ जून, सकाळी ७.३०

ऐरोलीकर, आपल्या सहप्रवाशांचे निरीक्षण बरोबर आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे. जुन्या रिलेच्या, म्हणजे चुंबकाने पट्टी उचलून संपर्क जोडणाऱ्या खटक्याच्या, पोटात तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. ती २४ व्होल्टवर चालते आणि तिची पट्टी उचलली जायला दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक लागतात. विजेचा धक्का मायक्रोसेकंदांत येऊन जातो, म्हणजे रिलेला तो कळण्याआधीच संपलेला असतो, आणि जाड वेष्टण असलेले वेढे तो बहुधा सोसतात. याउलट आजच्या कार्डांवरील चिप ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालतात, त्यांच्या आतले थर केसाच्या जाडीच्या तुलनेतही नगण्य असतात, आणि त्यांना भोक पाडायला अतिशय थोडी ऊर्जा पुरते. जी यंत्रणा सेकंदात लाखो आकडेमोडी करते तिला मायक्रोसेकंदाचा धक्का स्पष्ट कळतो, हीच तिची अडचण आहे.

आता ही कार्डे कुठे असतात ते पाहा. पूर्वी सगळी अक्कल केबिनमध्ये होती आणि बाहेर फक्त तारा होत्या. आता अ‍ॅक्सल काउंटरचे, म्हणजे गाडीच्या चाकांचे आस मोजणाऱ्या यंत्राचे, इलेक्ट्रॉनिक खोके रुळाशेजारीच उभे असते. रुळाच्या एका बाजूला प्रेषक कॉइल आणि दुसऱ्या बाजूला ग्राहक कॉइल बसवलेली असते. चाक मधून गेले की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि एक आस मोजला जातो. रुळाच्या ठरावीक तुकड्यात, म्हणजे विभागात, शिरताना मोजलेले आस आणि बाहेर पडताना मोजलेले आस जुळले तरच तो विभाग मोकळा धरतात. विजेच्या धक्क्याने एक आस जरी खोटा मोजला गेला किंवा एका टोकाचा संदेश क्षणभर तुटला, तरी बेरीज जुळत नाही, विभाग व्यापलेला दिसतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. तुमची गाडी बहुधा अशाच एखाद्या न जुळलेल्या बेरजेमुळे उभी असावी. यंत्रणा जळली असेलच असे नाही.

वीज थेट त्या खोक्यावर पडते असा बहुतेकांचा समज असतो. तसे क्वचितच घडते, कारण वर ओव्हरहेड वायर आणि तिचे खांब छत्रीसारखे उभे असतात आणि लोळ आधी त्यांच्यावर उतरतो. पण तेथूनच पुढचा प्रश्न सुरू होतो. ३० हजार अँपिअरचा साधारण लोळ तारेवर पडला की तो दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा धावतो. अशा तारेचा तरंगरोध, म्हणजे धावत्या लहरीला तारेचा होणारा विरोध, सुमारे ४०० ओहम धरला तर १५ हजार गुणिले ४००, म्हणजे ६० लाख व्होल्ट होतात. २५ हजार व्होल्टसाठी बसवलेला चिनी मातीचा इन्सुलेटर त्यापुढे टिकत नाही. त्याच्यावरून ठिणगी उडते, प्रवाह खांबात येतो, खांब रुळाला जोडलेला असतो, आणि रुळाचे व्होल्टेजच काही क्षण वर उचलले जाते. रुळाला लागून असलेली प्रत्येक केबल आणि प्रत्येक खोके त्या उचलण्यात सापडते.

शिवाय वीज लांब पडली तरी धक्का बसू शकतो. तारांनी एक मोठा वळसा केलेला असला, समजा वीजपुरवठ्याची केबल एका बाजूने आणि संदेशाची केबल दुसऱ्या बाजूने येऊन त्यांच्या मध्ये १० चौरस मीटरचे क्षेत्र राहिले, तर १०० मीटरवर पडलेला आणि मायक्रोसेकंदाला ३० हजार अँपिअर वेगाने चढणारा लोळ त्या वळशात सुमारे ६०० व्होल्ट निर्माण करतो. स्पर्श नाही, ठिणगी नाही, तरी कार्ड गेले. म्हणून केबली एकत्र आणि जवळजवळ न्याव्यात असे आम्ही नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगत असू.

विद्युतवेधी, ५ जून, दुपारी १.०५

माहिती उत्तम आहे, पण माझ्या मते खरे उत्तर अर्थिंगमध्ये, म्हणजे यंत्रणा जमिनीला जोडण्यात, आहे. मी २० वर्षे कारखान्यांच्या वीजजोडणीचे काम करतो आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी पूर्णपणे वेगळा, स्वच्छ अर्थ द्यावा, तो तडितरक्षकाच्या आणि वीजपुरवठ्याच्या अर्थपासून लांब ठेवावा आणि त्याचा रोध एक ओहमच्या आत आणावा. मग विजेचा त्रास यंत्रणेपर्यंत पोहोचतच नाही. रेल्वेनेही हेच करायला हवे.

निवृत्त सिग्नलवाला, ५ जून, रात्री ९.२०

विद्युतवेधी साहेब, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून मी येथे असहमती नोंदवतो, कारण हा गैरसमज फार महागात पडतो.

एक ओहमची मर्यादा लखनौच्या आरडीएसओच्या, म्हणजे रेल्वेची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमावलीतही आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण एक ओहमवर थांबून चालणार नाही. १० हजार अँपिअर प्रवाह एक ओहममधून जमिनीत गेला तर त्या अर्थच्या डोक्यावर १० हजार व्होल्ट उभे राहतात. अर्धा ओहम केला तरी पाच हजार. म्हणजे अगदी उत्कृष्ट अर्थ असला तरी वीज पडल्यावर तो शून्यावर राहत नाही. तो वर जातोच. आता तुमचा वेगळा, स्वच्छ अर्थ ३० मीटरवर शांत बसलेला आहे. एकाच खोक्यात एक तार वर गेलेल्या अर्थला जोडलेली आहे आणि दुसरी शांत अर्थला. मधले १० हजार व्होल्ट कोणावर पडणार? मधल्या कार्डावर.

खाडीत भरती येते तेव्हा सगळ्या होड्या एकदम वर उचलल्या जातात आणि कोणाला काही होत नाही. एखादी होडी आखूड दोराने धक्क्याला बांधून ठेवली असेल तर तीच बुडते. स्वच्छ अर्थ म्हणजे तो आखूड दोर आहे. म्हणून रिले रूममध्ये, म्हणजे सिग्नलची यंत्रणा ठेवलेल्या खोलीत, वीजपुरवठ्याचा अर्थ, तडितरक्षकाचा अर्थ, केबलींचे आर्मर (धातूचे आवरण), लोखंडी रॅक आणि यंत्रणेची चौकट हे सगळे तांब्याच्या एका बसबारवर (जाड पट्टीवर) आणतात आणि इमारतीभोवती अर्थचे कडे फिरवून त्याला जोडतात. सगळे मिळून वर जाऊ द्यावे, मिळून खाली येऊ द्यावे. उपकरणांमध्ये आपापसात फरक पडू नये, एवढेच आपल्या हातात आहे.

विद्युतवेधी, ५ जून, रात्री ९.५५

भरतीचे उदाहरण पटले. मग सर्ज अरेस्टरचे काम काय उरते? सगळे एकत्र जोडले तर तो कशाला हवा?

सांधेदुरुस्ती, ६ जून, सकाळी ६.१०

याचे उत्तर मी देतो. मी सध्या याच कामावर आहे, म्हणून ठिकाणे आणि खाती यांची नावे टाळतो. अर्थ आणि लोखंड तुम्ही थेट जोडू शकता, पण वीजपुरवठ्याची फेज किंवा संदेशाची जिवंत तार बसबारला थेट जोडता येत नाही, कारण मग यंत्रणा चालणारच नाही. अरेस्टर म्हणजे एक दार आहे: एरवी बंद, व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की मायक्रोसेकंदाच्याही आत उघडणारे, आणि धक्का ओसरला की पुन्हा बंद होणारे. त्या क्षणापुरती जिवंत तारही इतरांबरोबर वर जाते.

एकच दार पुरत नाही. पुरवठा जेथे इमारतीत शिरतो तेथे दांडगा, ठिणगी पाडणारा अरेस्टर लावतात, ज्याची चाचणी १०/३५० या तरंगाने घेतात. म्हणजे प्रवाह १० मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि ३५० मायक्रोसेकंदांनी निम्म्यावर येतो. त्याच्या पुढचा ८/२० तरंगाचा, मेटल ऑक्साइडचा. शिखर सारखे असले तरी पहिल्या तरंगातला विद्युतभार दुसऱ्याच्या वीसपटीहून अधिक असतो, म्हणून पहिल्याच्या जागी दुसरा लावून काम भागत नाही. या दोघांच्या मध्ये साधारण १० मीटर केबल किंवा तेवढ्या प्रेरकत्वाची (प्रवाहाच्या झटपट बदलाला विरोध करण्याच्या गुणाची) कॉइल लागते. नाहीतर हा दुसरा, चपळ अरेस्टर आधी उघडतो आणि सगळा भार स्वतःवर घेऊन फुटतो. कार्डाच्या तोंडाशी, संदेशाच्या तारांवर, गॅस ट्यूब आणि डायोड असलेली बारीक जोडणी असते.

आता मी केलेली एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खोलीत अरेस्टर बसवण्याचे काम माझ्याकडे आले. मी हिरवी-पिवळी अर्थची तार दोन मीटर जादा ठेवली, उद्या बसबार हलवावा लागला तर उपयोगी पडेल म्हणून, आणि तिचे सुंदर गोल वेटोळे करून प्लास्टिकच्या पट्टीने बांधले. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी त्या वेटोळ्यावर बोट ठेवून मला फक्त एक गणित करायला लावले. सरळ तारेचे प्रेरकत्व मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री असते. १० हजार अँपिअर ८ मायक्रोसेकंदांत चढले तर प्रत्येक मीटरवर साडेबाराशे व्होल्ट पडतात. अरेस्टर स्वतः दीड हजार व्होल्टवर धक्का कापतो, त्यावर माझ्या दोन मीटर तारेचे अडीच हजार, मिळून चार हजार; आणि पुढचे यंत्र सोसणार होते अडीच हजार. वेटोळे केल्याने प्रेरकत्व आणखी वाढले ते वेगळेच. अरेस्टर नवा होता, महाग होता, खिडकीत हिरवा रंग दाखवत होता, आणि माझ्या तारेमुळे निरुपयोगी होता. तेव्हापासून मी फेजकडची आणि अर्थकडची तार मिळून अर्धा मीटरच्या आत ठेवतो, आणि जमेल तेथे पुरवठ्याची तार आधी अरेस्टरच्या टर्मिनलवर आणून तेथूनच पुढे यंत्राकडे नेतो, म्हणजे वेगळी फांदी उरतच नाही.

खाडीकाठ, ६ जून, दुपारी १२.४०

मी भू-तांत्रिक तपासणीचे काम करते आणि या पट्ट्यात अनेक ठिकाणी बोअर घेतले आहेत, म्हणून जमिनीविषयी थोडे लिहिते; वरच्या चर्चेत अर्थ हा शब्द वारंवार येतो आहे, पण खाली काय आहे याकडे कोणी पाहिलेले नाही.

ठाण्यापासून बेलापूरपर्यंतचा मार्ग डोंगर आणि खाडी यांच्या मधून जातो, आणि या दोन बाजूंची जमीन विजेच्या दृष्टीने एकमेकींच्या विरुद्ध टोकाला आहे. पारसिकच्या अंगाला काळा बेसाल्ट आहे. त्यात तीन मीटरची सळई ठोकताच येत नाही, भोक पाडून बसवावी लागते, आणि खडकाची रोधकता शेकडो ओहम-मीटरपासून हजारांपर्यंत जाते. तेथे एका सळईने एक ओहम मिळवण्याचा हट्ट धरू नये. अनेक सळया अंतराअंतरावर पसराव्यात, तांब्याची पट्टी लांबवर न्यावी आणि खड्ड्यात ओलावा धरणारे भरणद्रव्य घालावे लागते. खाडीकडे, खारफुटीच्या कडेला, नेरूळ-उरण मार्गावर खारकोपरच्या परिसरात किंवा ऐरोलीच्या सखल भागात खारी सागरी चिकणमाती आहे. तिची रोधकता काही ओहम-मीटर इतकीच असल्याने सळई ठोकली की मीटरवर लगेच सुखावणारा आकडा येतो.

मात्र हीच माती लोखंड खाते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप त्या खाऱ्या चिखलात काही वर्षांत पापुद्र्यांनी सुटू लागतो, आणि तांबे व लोखंड नटबोल्टने एकत्र जोडले असतील तर त्या सांध्यावर गंज अधिक वेगाने चढतो. मी एका जागी खणलेला खड्डा पाहिला आहे, ठिकाण सांगत नाही: सळई शाबूत होती, पट्टी शाबूत होती, आणि दोघींना धरणारा क्लॅम्प हाताने चोळताच तपकिरी भुकटी होऊन गळून पडला. वरून पाहणाऱ्याला तो अर्थ जोडलेलाच दिसत होता. म्हणून अशा जमिनीत किमान २५० मायक्रॉन तांबे चढवलेली सळई आणि वितळवून जोडलेला सांधा यांना पर्याय नाही.

आणखी एक. मोजणी मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना करावी. पाऊस लागल्यावर खडकाच्या भेगा पाण्याने भरतात आणि जुलैतला आकडा खोटा धीर देतो. वळीव आणि पहिले गडगडाट मात्र त्याआधीच, कोरड्या जमिनीवर येतात.

ऐरोलीकर, ६ जून, रात्री ८.३०

सर्वांचे मनापासून आभार. खाडीकाठ ताई, क्लॅम्पची गोष्ट वाचून मी आमच्या कारखान्याचा अर्थ पिट उघडायचे ठरवले आहे. एक मूलभूत शंका मात्र राहिली आहे. बिघाड झाल्यावर सिग्नल लाल होतो असे निवृत्त सिग्नलवाला काकांनी लिहिले. तो नेहमीच लाल होतो का? विजेने जळलेले यंत्र चुकून हिरवा दाखवणार नाही याची खात्री कशी धरायची?

निवृत्त सिग्नलवाला, ६ जून, रात्री १०.४५

आपण या विषयातला सर्वांत गंभीर प्रश्न विचारलात, आणि त्याचे उत्तर एका खऱ्या अपघातातून द्यावे लागेल.

२३ जुलै २०११ रोजी चीनमधील वेन्झोऊजवळ वादळी पाऊस सुरू होता. विजेमुळे तेथील नियंत्रण केंद्रातल्या, रुळांची माहिती गोळा करणाऱ्या संचाचा फ्यूज उडाला. माहिती येणे थांबले, पण संच बंद पडलेला दिसण्याऐवजी फ्यूज उडण्यापूर्वीची शेवटची स्थितीच पुढे पाठवत राहिला, आणि ती स्थिती होती, विभाग मोकळा. डी ३११५ ही गाडी विजेच्याच परिणामाने त्या विभागात थांबून मग धीम्या गतीने सरकत होती. पडद्यावर ती जागा रिकामी दिसत होती. मागून आलेल्या डी ३०१ गाडीला हिरवा मिळाला आणि ती पुलावर तिच्यावर आदळली. ४० माणसे गेली. चौकशीत दोष विजेवर ढकलून विषय संपवला गेला नाही. संचाच्या रचनेतली त्रुटी आणि बिघाडानंतरची हाताळणी या दोन्हींवर बोट ठेवले गेले.

म्हणून आमच्या विद्येत नियम असा की माहिती न येणे म्हणजे विभाग व्यापलेला. जुन्या ट्रॅक सर्किटमध्ये, म्हणजे रुळांतूनच प्रवाह सोडून गाडी ओळखणाऱ्या जोडणीत, तो नियम वजनानेच पाळला जाई: रुळातून येणारा प्रवाह थांबला की रिलेची पट्टी स्वतःच्या भाराने खाली पडे आणि सिग्नल लाल होई. संगणकीय यंत्रणेत गुरुत्वाकर्षण मदतीला येत नाही, तेथे तो नियम लिहावा लागतो आणि तपासावा लागतो. दोन किंवा तीन स्वतंत्र प्रोसेसर एकमेकांची उत्तरे ताडून पाहतात आणि किमान दोघांचे एकमत नसले की यंत्रणा लालवर जाते. पण ऐरोलीकर, आपण पॅनेल बनवता म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: जोडीला दुसरा संच ठेवणे हे विजेविरुद्धचे संरक्षण नव्हे. एका पुरवठ्यावर आणि एका अर्थवर उभ्या असलेल्या दोन्ही संचांना वीज एकाच मायक्रोसेकंदात गाठते.

तुमचा तो अर्धा तास कशात गेला असेल तेही सांगतो. विभाग व्यापलेला दिसला की स्टेशन मास्तर तो आपल्या मर्जीने मोकळा करू शकत नाही. आत खरोखर गाडी किंवा डबा नाही याची खात्री करावी लागते, मग रीसेट, आणि त्यानंतरही बऱ्याच ठिकाणी एक गाडी सावधपणे त्या विभागातून जाऊन आसांची बेरीज जुळल्याशिवाय यंत्रणा तो मोकळा मानत नाही. तेवढ्या वेळात मागे चार-पाच लोकल उभ्या राहतात. प्रवाशांचा त्रागा मी समजतो. तरीही तो अर्धा तास कोणी घाईने कमी करू नये असे मला मनापासून वाटते.

सांधेदुरुस्ती, ७ जून, सकाळी ६.३०

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. धक्के फक्त आकाशातून येत नाहीत. मुंबईत १९२५ पासून दीड हजार व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह होता. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर २०१६ पर्यंत तो बदलून २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह आला. आता सबस्टेशनचे ब्रेकर उघडणे-मिटणे, पेंटोग्राफची (गाडीच्या छतावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याची) ठिणगी, ओव्हरहेडचा दोष या प्रत्येकाचा छोटा धक्का अरेस्टर रोज झेलतो आणि हळूहळू थकतो. पार थकला की त्याच्या आतला उष्णतेवर चालणारा खटका त्याला वेगळा करतो आणि खिडकी हिरव्याची लाल होते. यंत्रणा मात्र पूर्वीसारखीच चालू राहते, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. अशी एक लाल खिडकी मी धुळीने भरलेल्या दाराआड पाहिली आहे. ती केव्हा लाल झाली हे कोणीही सांगू शकले नाही. अरेस्टरच्या मागे संपर्काची एक जोडी दिलेली असते. ती डेटा लॉगरला (घटनांची नोंद ठेवणाऱ्या यंत्राला) जोडली तर खिडकी लाल होण्याची वेळ मिनिटासकट नोंदली जाते. दोन तारांचे काम आहे, कृपया कोणीही ते टाळू नये.

विद्युतवेधी, ७ जून, दुपारी २.१५

स्थानकांवर आता कवच या गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या प्रणालीसाठी ४० मीटर उंचीचे मनोरे उभे राहात आहेत. तेही रिले रूमच्या शेजारीच. मग विजेला आपणच आमंत्रण देत नाही का?

निवृत्त सिग्नलवाला, ७ जून, रात्री ९.००

मनोरा वीज स्वतःकडे ओढतो हे खरे, आणि म्हणून त्याचा अर्थ रिले रूमच्या कड्याला जोडलेला असलाच पाहिजे. अँटेनाच्या केबलचे बाह्य आवरण वर, पायथ्याशी आणि इमारतीत शिरण्यापूर्वी अशा तीन जागी अर्थ करावे. जेथे संदेश ऑप्टिकल फायबरने नेता येईल तेथे तांबे टाकूच नये, कारण काचेतून धक्का जात नाही. मात्र फायबरच्या केबललाही धातूचे आर्मर असते आणि ते दारातच बसबारवर उतरवावे लागते, हे पुष्कळ जण विसरतात.

ऐरोलीकर, ९ जून, रात्री ८.०५

आज आमच्या चाचणी विभागाचे मुख्य पॅनेल उघडले. अरेस्टर खाली डाव्या कोपऱ्यात आणि फेजची तार वरून वळसा घालून आलेली, लांबी १ मीटर ४० सेंमी. अरेस्टर वर, मुख्य स्विचच्या शेजारी सरकवला. आता तार ३० सेंमी आहे. सांधेदुरुस्ती, आपल्या वेटोळ्याच्या गोष्टीमुळे हे सुचले.

सांधेदुरुस्ती, ९ जून, रात्री ८.४०

फार बरे वाटले. अर्थची बाजू मोजलीत का? अरेस्टर वर गेला म्हणजे तो खालच्या बसबारपासून लांब गेला असणार.

ऐरोलीकर, ९ जून, रात्री ९.१०

नव्हती मोजली. आत्ता सहकाऱ्याला फोन करून मोजून घेतली, १ मीटर १० सेंमी निघाली. रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हा अरेस्टरच्या शेजारीच अर्थची एक वेगळी पट्टी बसवून ती पॅनेलच्या चौकटीला थेट जोडतो आणि दोन्ही लांब्या येथे लिहितो.